दुपारी बारा वाजून तेरा मिनिटं

मंडळी, आज थोडं लांब लिहितोय. चहा घेऊन बसा.

परवा पानठेल्यावर शकुंतलेचा विषय निघाला. आमच्याकडे दर चार-सहा महिन्यांनी निघतोच. कुणीतरी जुना फोटो टाकतं, कुणाला आजोळ आठवतं, कुणी सांगतं की चालत्या गाडीतून उतरून शेतातली बोरं तोडायची आणि पुन्हा धावत तीच गाडी पकडायची. मग हसणं होतं, मग सगळे गप्प होतात. आणि त्या गप्प बसण्यात एकजण हमखास म्हणतो, "अरे पण कोर्टात काहून गेलं नाही कोणी धड? एक स्टे आणला असता तर गाडी चालू राहिली असती."

खरंच राहिली असती का? हा प्रश्न डोक्यात घेऊन मी घरी आलो. गाडी बंद करायच्या निर्णयावर कोर्ट नेमकं काय करू शकतं हे शोधायला बसलो आणि पोचलो थेट शिकागोला. तिथली गोष्ट आधी सांगतो, मग आपल्याकडे येतो.

३ जुलै १९५७. शिकागोच्या पश्चिमेला व्हीटन, ऑरोरा, एल्गिन अशी गावं आहेत. तिथून शहराकडे विजेवर चालणारी एक लोकल होती, शिकागो ऑरोरा अँड एल्गिन नावाची. खासगी कंपनी. रोज सकाळी हजारो माणसं तिने कामावर जायची आणि संध्याकाळी परत यायची. पूर्वी ही गाडी थेट शहराच्या मध्यात जायची. पुढे नवा हायवे बांधायला काढला, म्हणून १९५३ पासून ती अलीकडेच, फॉरेस्ट पार्कला थांबायला लागली. तिथे उतरा, दुसरी गाडी पकडा, मग शहरात जा. लोक कंटाळले. प्रवासी निम्म्यावर आले. कंपनी म्हणाली, तोटा होतोय, बंद करतो. राज्याच्या नियामक आयोगापुढे आणि कोर्टात भांडण चाललं.

त्या दिवशी दुपारी कोर्टाने कंपनीला गाड्या थांबवायची मोकळीक दिली. कंपनीने किती वेळ थांबावं? एक महिना? एक आठवडा? निदान संध्याकाळपर्यंत तरी? नाही. बारा वाजून तेरा मिनिटांनी सगळी प्रवासी वाहतूक बंद. सकाळी गाडीने कामावर गेलेली माणसं संध्याकाळी परतायला निघाली, तर गाडीच नाही. दुसऱ्या दिवशी तिकडचा स्वातंत्र्यदिन, सुट्टीची घाई. ज्याला जसं जमेल तसा तो घरी पोचला.

ती प्रवासी गाडी पुन्हा कधीच आली नाही. मालगाड्या आणखी दोन वर्षं चालल्या, मग त्याही थांबल्या. १९६१ मध्ये कागदोपत्रीही सगळं संपलं. आज त्या मार्गावर सुंदर पायवाट आहे, लोक सायकली चालवतात. पायवाट चांगलीच आहे हो, पण तिने कामावर जाता येत नाही.

ही गोष्ट मी आधी का सांगितली? कारण आपल्या डोक्यात कोर्ट म्हटलं की "गाडी वाचवणारा" असंच चित्र असतं. इथे कोर्टाचा कागद हातात पडला आणि त्याच दुपारी गाडी गेली. कोर्ट ही काही जादूची कांडी नाही. त्याच्यासमोर काय ठेवलंय, कायद्याने त्याला काय तपासायला सांगितलंय आणि तपासणी होईपर्यंत गाडी चालू ठेवायची सोय आहे का, यावर सगळं ठरतं.

आता दुसरी गोष्ट. तीही शिकागोचीच, बारा वर्षांनंतरची.

अमेरिकेत रेल्वे खासगी कंपन्यांची असली तरी त्यांच्यावर लक्ष ठेवायला १८८७ पासून एक आयोग होता, इंटरस्टेट कॉमर्स कमिशन. लाइन बंद करायची तर या आयोगाची परवानगी लागायची. एकाच राज्याच्या आतली छोटी शाखा असली तरी तोट्याचा बोजा सगळ्या रेल्वेवर पडतो, म्हणून तीही बंद करायची परवानगी आयोग देऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्येच कोलोरॅडोच्या डोंगरातल्या एका छोट्या लाइनच्या प्रकरणात मान्य केलं होतं. म्हणजे कोर्ट पहिल्यापासून काही "गाडी चालवाच" असं म्हणत नव्हतं.

१९५८ साली तिकडच्या संसदेने नवा कायदा केला. तो कंपन्यांच्या सोयीचा होता, हे स्पष्ट सांगतो. दोन राज्यांमधून जाणारी प्रवासी गाडी बंद करायची असेल तर कंपनीने किमान ३० दिवस आधी नोटीस द्यायची. ती आयोगाला, संबंधित राज्यांच्या गव्हर्नरना, आणि त्या मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनवर लावायची. आयोगाला वाटलं तर चौकशी सुरू करता येई, आणि चौकशी चालू असताना जास्तीत जास्त ४ महिने गाडी चालू ठेवायला सांगता येई. गाडीची लोकांना गरज आहे आणि तिचा बोजा अवाजवी नाही असं चौकशीत दिसलं, तर आणखी एक वर्षापर्यंत ती चालवायचा आदेश देता येई. आयोगाने हात वर केले तर ३० दिवसांनी गाडी बंद.

कायदा कंपन्यांच्या बाजूचा होता तरी त्यातल्या तीन गोष्टी बघा. आधी कळवणं. कारण सांगणं. आणि लोकांना बोलायला जागा. या तिन्ही गोष्टी मला पुढे लागणार आहेत.

मग या कायद्याखाली गाड्यांची रांग लागली. शिकागो ते इव्हान्सव्हिल जाणारी "जॉर्जियन" आणि सिनसिनाटी ते न्यू ऑर्लिन्स जाणारी "हमिंगबर्ड" याही त्यात आल्या. आयोगाने चौकशी केली, सुनावण्या घेतल्या, आणि शेवटी म्हणाला, या गाड्या चालू ठेवायची गरज दिसत नाही, चौकशी समाप्त. झालं. शिकागो शहर आणि इतर मंडळी कोर्टात गेली. तर खालच्या कोर्टाने सांगितलं, आम्हाला यात हातच घालता येत नाही. आयोगाने "गाडी चालू ठेवा" असा आदेश दिला असता तर कंपनीला आमच्याकडे येता आलं असतं. पण आयोगाने तर काहीच आदेश दिलेला नाही, नुसती चौकशी थांबवली आहे. मग आम्ही तपासायचं काय?

आता यातली गंमत पाहा. निर्णय कंपनीच्या विरोधात गेला तर कंपनीला कोर्टाचं दार उघडं. निर्णय प्रवाशांच्या विरोधात गेला तर प्रवाशांना दार बंद. कारण काय, तर "काही केलं नाही" याला निर्णय म्हणत नाहीत!

डिसेंबर १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे उलटवलं. सिटी ऑफ शिकागो विरुद्ध युनायटेड स्टेट्स हे ते प्रकरण. कोर्टाने सांगितलं ते माझ्या शब्दांत असं: आयोगाने पूर्ण चौकशी करून, कारणं लिहून गाडी बंद होऊ दिली, तर तोही निर्णयच आहे. त्यामुळे ज्याचं नुकसान झालं तो प्रवासी असो, शहर असो की राज्य, त्याला कोर्टात येता येईल. "होकार" तपासता येतो आणि "नकार" तपासता येत नाही हा भेद कोर्टाने ३० वर्षांपूर्वीच, १९३९ साली एका टेलिफोन कंपनीच्या खटल्यात मोडीत काढला होता. तोच धागा इथे पुढे नेला. त्याच निकालात हेही सांगितलं की मुळात चौकशी सुरू करायची की नाही, हे मात्र आयोगाच्या अखत्यारीत. तिथे कोर्ट येणार नाही.

वाचून बरं वाटतं ना? मलाही वाटलं. पण निकाल आला तेव्हा हमिंगबर्ड धावतच नव्हती. दीड वर्षाच्या आत, १ मे १९७१ ला, सरकारी ॲमट्रॅक सुरू झाली आणि देशभरातल्या उरल्यासुरल्या खासगी प्रवासी गाड्यांपैकी बऱ्याच त्या एका दिवसात बंद झाल्या. हक्क मिळाला, पण तो वापरायला गाडीच शिल्लक नव्हती.

म्हणून म्हणतो, नुसतं "कोर्टात जाता येतं" एवढं पुरत नाही. कोर्टाचं उत्तर येईपर्यंत रूळ जागेवर आणि गाडी रुळावर राहिली पाहिजे. नाहीतर ते पेशंट गेल्यानंतर आलेल्या रिपोर्टसारखं.

आता कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच, "मग काय रिकाम्या गाड्या जन्मभर चालवायच्या का? तोटा कोण भरणार? तुम्ही?" प्रश्न अगदी रास्त आहे. प्रत्येक गाडी वाचलीच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेच्या कोर्टाचंही नव्हतं. १९६४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरो ते गोल्ड्सबरो या दोन गावांमधल्या गाड्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. राज्य म्हणत होतं, कंपनी एकूण चांगल्या नफ्यात आहे, मग एवढ्याशा गाडीचा तोटा सोसायला काय हरकत आहे? कोर्टाने राज्याचं ऐकलं नाही. त्या गाडीचा हिशोब त्या गाडीपुरता बघून आयोगाने ती बंद करायला परवानगी दिली, ती योग्यच ठरवली. मला हा निकाल पटत नाही, पण एक गोष्ट मान्य करावी लागते. त्या गाडीचा हिशोब सगळ्यांसमोर होता. कमाई किती, खर्च किती, माणसं किती, हे उघड्यावर मांडून, दोन्ही बाजूंनी भांडून झालं, आणि मग कोर्ट नाही म्हणालं. हरलेल्या माणसालाही कळलं की आपण का हरलो.

आणि "प्रवासीच नाहीत" या वाक्याबद्दल एक इशारा. प्रवासी आपोआप कमी झाले की कमी केले गेले? न्यू ऑर्लिन्स ते लॉस एंजेलिस धावणाऱ्या "सनसेट लिमिटेड"च्या प्रकरणात १९६८ साली आयोगाच्याच परीक्षकाने अहवाल दिला की कंपनीने सेवा मुद्दाम खालावत नेली. या कंपनीने आपल्या गाड्यांमध्ये धड जेवणाच्या डब्याऐवजी नाणं टाकून खाणं काढायची यंत्रं बसवली होती! परीक्षक म्हणाला, प्रवासी सेवेचे किमान निकष आयोगाने ठरवावेत. आयोग म्हणाला, तेवढा अधिकार आम्हाला नाही. पण निदान सरकारी कागदावर ते लिहिलं तरी गेलं. कारण तपासणारा माणूस गाडी चालवणाऱ्यापेक्षा वेगळा होता.

आता चला परत आपल्या गावाकडे.

नव्या पिढीसाठी थोडक्यात सांगतो. यवतमाळ–मूर्तिजापूर आणि मूर्तिजापूर–अचलपूर, मिळून सुमारे १९० किलोमीटरची अडीच फुटी छोटी लाइन. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडातला कापूस बाहेर काढायला किलिक निक्सनच्या कंपनीने घातली. देश स्वतंत्र झाला, सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, पण ही लाइन कंपनीच्याच मालकीची राहिली. गाडी चालवायची रेल्वेने, मोबदला घ्यायचा कंपनीने. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव या पट्ट्यातल्या गरीब माणसाची ती गाडी. आधी यवतमाळकडची बाजू थांबली, मग अचलपूरकडची. ब्रॉडगेजच्या घोषणा आपण इतक्या वेळा ऐकल्या की आता कुणी पेढेसुद्धा वाटत नाही.

पण माझा आजचा मुद्दा शकुंतलेपुरता नाही. आपल्याकडे एखादी पॅसेंजर बंद होते, एखाद्या छोट्या स्टेशनावरचा थांबा जातो, पॅसेंजरची एका रात्रीत "एक्सप्रेस" होते आणि तिकीट वाढतं. हे ठरवतं कोण? रेल्वे. गाडी चालवतं कोण? रेल्वे. तोटा किती झाला हे मोजतं कोण? रेल्वे. तक्रार ऐकतं कोण? तेही रेल्वेच. चोर म्हणत नाही मी कुणाला, पण आरोपी, साक्षीदार, वकील आणि न्यायाधीश एकाच बाकावर बसलेत हे तर दिसतंय ना?

मालवाहतुकीच्या अवाजवी दराविरुद्ध दाद मागायला आपल्याकडे रेल्वे रेट्स ट्रायब्युनल होतं, २०१७ मध्ये ते रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलमध्ये विलीन झालं आणि ते काम आता तिथे आहे. म्हणजे सिमेंटच्या गोणीला तक्रार करायची जागा आहे. प्रवासी भाडं कायद्यानेच त्या ट्रायब्युनलच्या कक्षेबाहेर ठेवलंय, गाडी बंद होणं तर दूरच. प्रवाशांच्या सल्लागार समित्या आहेत, विभागाच्या आणि झोनच्या. पण नावातच सल्ला आहे. ऐकला तर ऐकला. एप्रिल २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली होती. तेही शिफारशी करण्यापुरतंच.

मग उरतं कोर्ट. तिथे गेलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, हा धोरणाचा विषय आहे. मध्य प्रदेशातल्या ग्वाल्हेर–शेवपूर छोट्या लाइनच्या प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साधारण हेच सांगितलं. लाइन कुठे टाकायची, कुठली रुंद करायची, हे ठरवणं कोर्टाचं काम नाही.

मंडळी, तुम्हाला राग येईल, पण मला यात कोर्टाची चूक वाटत नाही. न्यायाधीशांनी टाइमटेबल लिहायला बसू नये. आज आपल्या बाजूने लिहितील, उद्या दुसऱ्या जिल्ह्याच्या. डबे किती, इंजिन कुठून आणायचं, हे त्यांना कसं कळणार?

पण "गाडी चालवा" असं सांगणं वेगळं आणि "बंद करताना लोकांना विचारलंत का, हिशोब दाखवलात का, कारण लिहिलंत का" असं विचारणं वेगळं. शिकागोच्या प्रकरणात कोर्टाने दुसरंच केलं. आणि ते त्याला करता आलं, कारण कायद्यात मोजमाप लिहिलेलं होतं. लोकांची गरज किती, बोजा किती, नोटीस दिली का, चौकशी झाली का. आपल्या कोर्टाच्या हातात अशी फूटपट्टीच दिलेली नाही. फूटपट्टी नसलेल्या माणसाला कापड मोजायला सांगून काय उपयोग? तो म्हणणारच, दुकानदार सांगेल ते खरं.

म्हणून माझं मत असं आहे. नुसत्या जनहित याचिकेच्या मागे धावण्यापेक्षा फूटपट्टी मागा. नियमित प्रवासी गाडी, थांबा किंवा लाइन बंद करायची असेल तर काय व्हायला हवं, ते कायद्यात लिहून घ्या. साध्या चार गोष्टी आहेत.

पहिली, किमान तीन महिन्यांची नोटीस. फक्त वेबसाइटवर नको. प्रत्येक स्टेशनवर आणि प्रत्येक ग्रामपंचायतीत, मराठीत.

दुसरी, त्या गाडीचा हिशोब जाहीर. तिकिटं किती विकली गेली, खर्च कसा काढला, आणि गेल्या पाच वर्षांत गाडीची वेळ किती वेळा बदलली, ती किती दिवस रद्द झाली. म्हणजे प्रवासी गेले की घालवले, हे कळेल.

तिसरी, जनसुनावणी. रेल्वेबाहेरच्या माणसासमोर आणि त्याच भागात. अचलपूरच्या म्हातारीने मुंबईला जाऊन बाजू मांडायची, ही थट्टा झाली.

चौथी, लेखी, कारणांसह निर्णय, आणि त्यावर ठराविक मुदतीत उच्च न्यायालयात दाद. ती मुदत संपेपर्यंत गाडी चालू आणि रूळ जागेवर. ही चौथी गोष्ट नसेल तर पहिल्या तीन कागदावरच राहतात. बारा वाजून तेरा मिनिटं लक्षात ठेवा.

कायदा व्हायला वेळ लागेल, माहितीये. तोवर हातात काय आहे? एक गोष्ट आहे आणि ती आपण फारशी वापरत नाही. माहिती अधिकार कायदा, २००५. आपण त्याचा वापर फक्त कागद मागायला करतो. पण त्यातलं कलम ४(१) वाचा. त्याचा (क) सांगतो की जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्याबद्दलची सगळी संबंधित माहिती सरकारी यंत्रणेने स्वतःहून प्रसिद्ध करायची. (ड) सांगतो की ज्यांच्यावर परिणाम झाला त्यांना प्रशासकीय निर्णयाची कारणं द्यायची. रेल्वे याला अपवाद नाही. आपल्या तालुक्यातली गाडी किंवा थांबा बंद झाला असेल तर "गाडी सुरू करा" या निवेदनासोबत एक साधा अर्ज जोडा: या निर्णयाची लेखी कारणं आणि त्यामागचा हिशोब द्या.

याने काय होईल? कदाचित लगेच काहीच नाही. पण उद्या नागपूर खंडपीठापुढे उभं राहायची वेळ आली तर आपल्या वकिलाला "साहेब, गाडी द्या" म्हणावं लागणार नाही. तो म्हणेल, "साहेब, यांनी कायद्याने द्यायची कारणं दिलेली नाहीत." पहिल्या वाक्याला कोर्ट म्हणेल, धोरणाचा विषय. दुसऱ्या वाक्याला तसं म्हणून हात झटकणं अवघड आहे. अर्थात, दिलेली कारणं वाचून "बरोबर आहे, ही गाडी परवडत नाही" असंही निघू शकतं. तेही ऐकायची तयारी ठेवू. पण निदान ऐकू तरी.

पानठेल्यावरच्या त्या भाऊला मी काल हे सगळं सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, चुना मळला आणि विचारलं, "म्हणजे कोर्टात जायच्या आधी आपल्यालेच अभ्यास करा लागते जी?"

हो भाऊ. करा लागते.

आपल्या भागात गेल्या काही वर्षांत कुठली गाडी, कुठला थांबा बंद झाला आणि तेव्हा कुठे नोटीस लागली होती का, हे कमेंटमध्ये लिहा. गाव आणि साधारण वर्ष एवढं पुरे. यादी झाली की माहिती अधिकाराच्या अर्जाचा मसुदा मी इथेच टाकतो.